घंटी वाजेपर्यंत बाई

माझी नात रेवा यंदा नागपुरात धरमपेठेतल्या एका शाळेत केजीला जायला लागली. शाळेनं आम्हाला आधी बोलावून घेतलं, एसीत बसवलं, आणि मुलांना आपला राग कसा ओळखू द्यायचा, नंबर येईपर्यंत थांबायला कसं शिकवायचं, आईचा हात सुटताना रडू आलं तर काय करायचं, हे एका बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवत समजावून सांगितलं. बाई बोलल्या छान. मीही मान डोलावली. घरी येऊन आईला सगळं ऐकवलं. आई आता माझ्याकडेच असते, गुडघ्यांमुळे बहुतेक वेळ खाटेवर, पण कान शाबूत. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पाट आहे का त्यांच्याकडे?" मी म्हटलं, पाट कुठला, गोल चेहऱ्यांचे कागद आहेत, हसरा, रडका, रागीट. "कागदावर मूल बसणार कसं?" असं म्हणून आई कूस बदलून झोपली. रेवा माझ्याकडे बघत राहिली. तिला पाटाचं सांगायचं म्हणजे कोराडीपासून सुरुवात करावी लागेल, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच ठेवावं.

नागपूरजवळच्या कोराडीला बाबा वीजकेंद्रात बॉयलरवर होते. वसाहत नवी होती. रस्त्याकडेची झाडं आम्हा पोरांच्याच उंचीची, आणि घराघराला बेशरमाचं कुंपण, जे कोणी न लावताच वाढतं आणि कोणी तोडलं तरी परत येतं. आमच्या क्वार्टरला दोन खोल्या, मागे ओटा, पुढे हातभर अंगण. केंद्राची घरघर रात्रंदिवस चालायची, पण ती आम्हाला ऐकू यायचीच नाही. आईच्या माहेरी धरमपेठेला गेलो की तिथली शांतता मात्र कानाला टोचायची आणि मला काही केल्या झोप लागायची नाही. केंद्रातून उडणाऱ्या राखेचं तर विचारूच नका. वाळत घातलेल्या चादरीवर राख, लोणच्याच्या बरणीवर राख, तुळशीच्या पानांवर राख. आई सकाळी एकदा घर पुसायची आणि दुपारी त्याच फडक्यानं परत पुसायची. बाबा म्हणायचे, "आपल्याले विभूती लावायले देवळात जायचं कामच नाही." बाबा काटोलकडच्या खेड्यातले, त्यांची बोली तिकडची आणि जेवणही तिकडचं, भाकर, ठेचा, तेल सुटलेली वांग्याची भाजी. आई वरणात गुळाचा खडा टाकायची. तो जिभेला लागला की बाबा वाटी पुढे सरकवून विचारायचे, "हे वरण आहे का शिरा आहे वं?" आई दुसऱ्या दिवशीही खडा टाकायचीच.

लग्नाआधी आईनं बालवाडीचं शिक्षण घेतलं होतं. हे वसाहतीत कळलं, आणि बायकांनी तिच्यामागे लकडाच लावला. शाळा लांब, पोरं दिवसभर कोळशाच्या ट्रकमागे धावतात, तुम्ही काहीतरी करा. जागा नव्हती, म्हणून आमची पुढची खोली झाली बालवाडी. एक दरी, म्हणजे सतरंजी, डबाभर चिंचोके, सुताराकडून आणलेले लाकडाचे ठोकळे, आणि मागच्या ओट्याच्या खांबाला बांधलेला झोका. घंटी नव्हती. आईनं देव्हाऱ्यातली पितळी घंटी उचलली आणि पोरांसमोर वाजवली. बाबांना आता सगळी पूजा पोरं यायच्या आत आटपावी लागायची. एकदा उशीर झाला, तर हातात निरांजन घेऊन ते ओरडले, "देवाची घंटी पोरायले देली, आता देवानं काय टाळ्या वाजवाव्या का?" ती घंटी मात्र रोज परत देव्हाऱ्यात जायची, कुठं हरवली नाही, आणि अजून आमच्याकडे आहे.

मी तेव्हा पाच वर्षांची. पहिल्याच दिवशी आईनं मला समोर उभं करून नियम सांगितला. घंटी वाजली की बालवाडी सुरू, दुसऱ्यांदा वाजली की संपली. मधल्या वेळात आईला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. मांडीवर यायचं नाही, पदर धरायचा नाही. "बाकीच्या मुलांच्या आया इथं असतात का? मग तुझ्या एकटीची आई असून कसं चालेल?" मला ते तेव्हा पटलंही असेल. नवा फ्रॉक होता, नवी दरी होती. 'बाई' म्हणायला दोन दिवस मजाही वाटली. तिसऱ्या दिवशी झोक्यावरून पडले आणि तोंडातून "आई गं" निघालं. आई धावत आली, गुडघा पाहिला, फुंकर घातली आणि हळूच म्हणाली, "मंदा, घंटी व्हायची आहे अजून." गुडघ्यापेक्षा तेच जास्त झोंबलं मला.

आता पाट. खिडकीखाली कोपऱ्यात आईनं एक साधा बसायचा पाट ठेवला होता. त्याचं नाव रुसायचा पाट. कोणाला राग आला, रडू आलं, कोणी ठोकळे हिसकावले, आईची आठवण झाली, तर त्यानं आपलं आपण जाऊन पाटावर बसायचं. तिथं बसलेल्याला कोणी हाक मारायची नाही, ओढायचं नाही, चिडवायचं नाही, खाऊचं आमिष दाखवायचं नाही. राग उतरला की आपलं आपणच उठायचं, आणि उठताना काय झालं ते सांगायचं. नसेल सांगायचं तर तसंही चालेल. लोकांना हे काही केल्या समजेना. एक बाप तावातावानं आला, "बाई, माह्या पोरानं केलं तरी काय? कोपऱ्यात काहून बसवलं?" त्याचं पोरगं त्या पाटावरून उठायलाच तयार नव्हतं, त्याला तिथं बरं वाटत होतं, हे आईला त्याला तीन वेळा सांगावं लागलं. शेजारच्या वानखेडे काकूंना मात्र पाट लगेच पटला. सासूशी वाजलं की त्या दुपारी यायच्या, काही न बोलता पाटावर बसायच्या, खिडकीतून चिमणी बघायच्या, केंद्राची हो, आणि थोड्या वेळानं "चला, भाजी टाकायची आहे" म्हणून उठून जायच्या. आई आपले तांदूळ निवडत राहायची. आजच्या भाषेत याला काहीतरी मोठं नाव असेल, त्या दिवशीच्या बाईंनी सांगितलंही होतं, मी विसरले.

एवढी सगळी समज असलेल्या माझ्या आईनं एका ठिकाणी मात्र पार गोंधळ घातला, आणि तो आपल्याच लोकांना सुचेल असा गोंधळ होता. बालवाडी आमच्या घरात, म्हणजे येणारी पोरं आमच्या घरी आलेली. आणि घरी आलेला माणूस पाहुणा. पाहुण्यांची पंगत आधी, घरचे मागून, हे आईच्या हाडात मुरलेलं. त्यामुळे मुरमुरे-फुटाणे वाटायचे तर मी शेवटी. झोक्याची ओळ लागली तर मी शेवटी. रंगीत खडू वाटले की माझ्या वाट्याला उरलेला पांढरा. मी तोंड वाकडं केलं की आई म्हणायची, "अगं, आपण घरचे." वर तिला धाक, की लोक म्हणतील बाई स्वतःच्या पोरीचे लाड करतात. बाबांनी एकदा ओट्यावरून पाहिलं आणि विचारलं, "अवं, हे शेंबडे पोरं काय पाहुणे आहेत का?" आई म्हणाली, "आपल्या उंबऱ्यातून आत येतात ना? मग पाहुणेच." खाऊ कधी कमी पडला नाही, खोटं कशाला बोलू. पण डब्याच्या तळाशी फुटाणे नसतात, नुसते मुरमुरे आणि मीठ असतं.

अशात बेबी आली. तिचे वडील कोळसा उतरवायच्या यार्डात होते. सायकलच्या दांडीवर बसवून ते तिला घेऊन आले आणि दारातच म्हणाले, "बाई, इची माय दवाखान्यात भरती आहे नागपूरले. हे पोरगी रडत नाही, तेच तं पंचाईत आहे. रडली असती तं समजलं असतं." बेबी खरंच रडायची नाही. बोलायचीही नाही. दरीवर बसवलं की बसायची, उठवलं की उठायची. पाटाकडे तिनं कधी ढुंकून पाहिलं नाही. आई तिला काही विचारायची नाही, फक्त ठोकळे तिच्या हाताशी ठेवायची आणि आपण शेजारी बसून दुसऱ्याच पोराशी बोलायची. मला बेबीचा राग नव्हता. ती ओळीत माझ्या पुढे उभी राहायची, म्हणजे शेवटून दुसरी, आणि तिच्या तेल लावलेल्या केसांना कोळशाचा वास यायचा. तो मला आवडायचा.

एक दिवस खाऊच्या आधी आम्ही सगळे मागच्या ओट्यावर हात धुत होतो. आई तांब्यानं पाणी घालत होती. बेबीच्या फ्रॉकचं मागचं बटन सुटलं होतं, बाही सारखी खांद्यावरून घसरत होती. ती आईजवळ गेली, पाठ केली आणि अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली, "आई, बटन." इतक्या दिवसांत तिचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. पोरं खदखदून हसली. "बाईले आई म्हणते, बाईले आई म्हणते!" आईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं तशी गप्प झाली. मग आई खाली बसली, म्हणाली, "आण इकडे," आणि बटन लावून दिलं. लावून झाल्यावर बेबीच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. घंटी व्हायची आहे, असं काही तिनं बेबीला सांगितलं नाही.

मी ओले हात तसेच घेऊन आत गेले आणि पाटावर जाऊन बसले. मला आजही त्याचं काही वाईट वाटत नाही, बरं का. बेबीची आई दवाखान्यात होती हे मला ठाऊक होतं, पण माझी आई समोर होती आणि मला मिळत नव्हती, आणि पाच वर्षांच्या पोरीला एवढाच हिशेब येतो. खाऊ वाटून झाला, मी बसले. गोष्ट झाली, मी बसले. घंटी वाजली, बायका पोरांना घेऊन गेल्या, आईनं दरी झटकली आणि हसत म्हणाली, "चला मंदाबाई, संपली बालवाडी, जेवायला या." मी खिडकीकडे बघत म्हटलं, "माझा राग उतरला नाही, बाई."

आईच्या हातातली दरी खाली आली. तिला वाटलं मी चुकून म्हटलं. "घंटी झाली गं," ती म्हणाली. "हो, बाई," मी म्हटलं. आता ती करणार काय? पाटावर बसलेल्याला ओढायचं नाही, आमिष दाखवायचं नाही, नियम तिचाच. ती आत गेली. थोड्या वेळानं केंद्राचा भोंगा झाला, बाबा आले, हातपाय धुतले, आणि "काहून बसून राहिली वं मंदे?" असं विचारलं. मी खिडकीकडेच बघत राहिले. बाबांनी आतून आपलं ताट उचलून आणलं आणि पाटाजवळ फरशीवर मांडी घातली. "मी काही मनवून नाही राहिलो बरं," ते भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, "मी आपला हवेशीर जागी जेवून राहिलो." अंबाडीची भाजी होती आणि ज्वारीची भाकर. त्यांनी ताट इतकं जवळ ठेवलं होतं की माझा हात पोचत होता. पोचला. दोन घास झाल्यावर मी म्हटलं, "बाईंना सांगा, भाजी छान झाली." बाबांचा घास तिथंच थांबला. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, तीही थांबली.

पाटावरून मी संध्याकाळी उठले, पण बाई म्हणणं काही सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटतं सुरुवातीला हट्ट होता आणि मग तोंडाला तेच वळण पडलं. 'आई' म्हणायचं म्हटलं की आता सगळे हसतील असं वाटायचं. आईनं आधी दुर्लक्ष केलं. मग रागावून पाहिलं. वरणातला गूळ बंद करून पाहिला, जो मलाही आवडायचा नाही. एकदा तिन्हीसांजेला ती माझी वेणी घालत होती. "ओढतंय का गं?" तिनं विचारलं. "नाही, बाई." फणी केसांत तशीच राहिली. मी वाट पाहिली, मग मागे वळून पाहिलं, तर आई रडत होती. आवाज नव्हता, नुसतं पाणी. मी घाबरले. मलाही रडू फुटलं, तिनं मला जवळ घेतलं, पण तो शब्द काही माझ्या तोंडून निघाला नाही, आणि तिनंही म्हण म्हणून सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात मी अंगणात चिंचोके खेळत होते आणि दोघं पायरीवर बसली होती. मोठ्यांना वाटतं खेळणाऱ्या पोरांना कान नसतात. बाबा म्हणाले, "तू साऱ्या पोरायले विचारतं, काय वाटून राहिलं, काय वाटून राहिलं. घरच्या पोरीले विचारलं का एकदा तरी?" आई म्हणाली, "तिला काय विचारायचं? ती घरची आहे, तिला कळतं." बाबा हसले. "घरची आहे म्हणूनच तं रुसली. पाहुणा रुसला तं उठून आपल्या गावी जाते. पाटावर घरचंच माणूस बसते." आईनं विचारलं, "मग सगळ्यांसमोर तिला पुढं करू? लोक काय म्हणतील?" बाबा म्हणाले, "ते मले नाही समजत. मास्तरीण तू आहेस." आणि विडी ओढायला कुंपणापाशी गेले.

पोळा आला. घरोघरी पुरणाचा आणि कढीचा वास, ओट्यावर वडे निथळत ठेवलेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. बैलांचा पोळा मोठ्यांचा, हा लहानांचा. पोरं लाकडाचे नंदी सजवून आणतात, नंदीची पूजा होते, आणि मग पोरं घरोघर जाऊन बोजारा मागतात, म्हणजे कोणी नाणं देतं, कोणी खाऊ. हा सोहळा एरवी संध्याकाळचा, पण त्या गर्दीत थोराड पोरं बारक्यांना ढकलून देतात, म्हणून आईनं बालवाडीचा तान्हा पोळा सकाळीच आमच्या अंगणात भरवला. बाबांनी माझ्यासाठी इतवारीतून लाल पाठीचा, चाकांचा नंदी आणला होता. बसच्या धक्क्यांनी त्याचं एक चाक ढिलं झालं होतं. बेबीच्या हातात मातीचा नंदी होता, तिच्या वडिलांनी केलेला, काळाशार, शिंगांना बेगड लावलेली. तो तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता, कुणाला हात लावू देत नव्हती. कुंपणाच्या कडेनं ओळ लागली. सगळ्यात पुढे वानखेडे काकूंचा पिंट्या. बेबी शेवटून दुसरी. मी कुणी न सांगताच शेवटी जाऊन उभी राहिले.

आई बाहेर आली. उजव्या हातात आरतीचं ताट, डाव्या हातात देव्हाऱ्यातली घंटी. नवं नऊवारी लुगडं नेसली होती आणि केसांत शेवंती होती. पिंट्यानं नंदी पुढे केला. आई त्याच्यासमोरून पुढे गेली. त्याच्यानंतरच्याच्या समोरूनही गेली. घंटी वाजवत, कुणाकडे न बघता ती पूर्ण ओळ चालत आली आणि माझ्यासमोर थांबली. मागून पिंट्या ओरडला, "बाई, पहिला मी आहो!" आई तिकडे वळून म्हणाली, "आज ओळ इकडून सुरू होते, पिंट्या. उद्या तिकडून." आणि मग ती पुन्हा माझ्याकडे वळली. ताट डाव्या हातावर तोलून तिनं माझ्या नंदीच्या कपाळाला कुंकू लावलं, मग ओवाळलं. ओवाळून झालं तरी डाव्या हातातली घंटी थांबली नाही. ती वाजवतच राहिली, माझ्या तोंडाकडे बघत. मी घंटीकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"आई," मी म्हटलं, "माझ्या नंदीचं चाक निघून राहिलं."

तिनं ताट कुंपणाशी खाली ठेवलं, घंटी बेबीच्या हातात दिली, आणि नव्या लुगड्यासकट तिथंच राखेत बसली. "आण इकडे," ती म्हणाली. चाक काही लवकर बसेना. अंबाड्यातला आकडा काढून तिनं तो आसाच्या भोकात अडकवला, वाकवला, फिरवून पाहिला, परत काढला, परत अडकवला. मी तिच्या खांद्यावर रेलून बघत होते. आणि ती सगळी ओळ, सगळे पाहुणे, आपापले नंदी घेऊन थांबले होते.